बाजाराच्या दिवशीची घडी

कोसमटोल्याच्या आश्रमशाळेत त्या दिवशी एकशे बेचाळीस पोरांचं रक्त तपासायचं होतं, आणि चौथ्याच पोरीनं टेबलाखाली दडी मारली.

दिव्यानी मडावीला याची सवय होती. चामोर्शीच्या दवाखान्यात ती लॅब टेक्निशियन होती आणि सिकलसेलच्या तपासणीसाठी वर्षाकाठी दहा-बारा शाळा पालथ्या घालायची. पोरं रडायची, पळायची. एकदा एकानं तिच्या मनगटाला चावाही घेतला होता. ती रागवायची नाही आणि लाडीगोडीही लावायची नाही. बोट धरायचं, टोचायचं, थेंब घ्यायचा, कापूस दाबायचा... पुढचा. जीव लावून काम करणारी माणसं लवकर थकतात, असं तिचं मत होतं. ती थकत नसे.

"तिले बाहेर काढा कोणीतरी," ती वर न बघता म्हणाली.

कोणी काढलं नाही. त्याऐवजी एक सडपातळ माणूस येऊन टेबलाशेजारी जमिनीवर मांडी घालून बसला. वहीचं एक पान त्यानं मांडीवर ठेवलं आणि काही न बोलता दुमडायला घेतलं. एक घडी, दुसरी, तिसरी... बोटं सावकाश चालली होती, जणू त्याला कुठेच जायचं नव्हतं. शेवटी त्यानं तो कागद फरशीवर ठेवला आणि मागच्या टोकावर बोट दाबून सोडलं. कागदाचा बेडूक टुणकन उडून टेबलाखाली गेला.

आतून खुदकन आवाज आला. मग हात आला, मग डोकं आलं.

"याले उडवाले एकच बोट लागते," तो त्या पोरीला म्हणाला. "उजव्या हातानं उडव. डावा हात रिकामा आहे न? तो मॅडमले दे."

पोरीनं दिला. बेडूक तीन वेळा उडाला तोवर दिव्यानीचं काम झालं होतं. टोचलेलं पोरीला कळलं की नाही कुणास ठाऊक, पण ती रडली नाही. पुढचा पोरगा बेडकाकडे बघतच खुर्चीवर बसला आणि त्यानं आपणहून डावा हात पुढे केला. दुपारपर्यंत एकाच बेडकावर सगळी शाळा उरकली. शेवटी त्या बेडकाचं पार पोतेरं झालं होतं.

त्या माणसाचं नाव रोशन नैताम. पाचवी ते आठवीला गणित शिकवायचा.

काम संपवून डबे भरले तेव्हा परतीच्या पावसानं आभाळ टेकलं होतं. गावाबाहेरच्या नाल्याला पाणी चढलं होतं आणि रपट्यावरून, त्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, गाडी न्यायला जीपवाला बिरजू तयार नव्हता.

"किती वेळ लागन?" दिव्यानीनं विचारलं.

"नाल्याले विचारा," बिरजू म्हणाला, आणि पाय लांब करून सीटवर आडवा झाला.

ती शाळेच्या पडवीत येऊन बसली. पत्र्यावर पाऊस वाजत होता. पलीकडे निसवायला आलेला धान वाऱ्यानं एकदा इकडे, एकदा तिकडे लवत होता. खांबाला टेकून रोशन बसला होता, हातात पाण्याची बाटली.

"तो बेडूक... अवघड असते का?" तिनं विचारलं.

"शिकाचा आहे?"

"मले नाई. कामासाठी पायजे. पुढच्या शाळेत तुमी नसान."

"ते तर आहेच." त्यानं वहीची दोन पानं फाडली, एक तिला दिलं. "मंग कामासाठीच शिका."

वहीचं पान लांबट असतं, ते आधी चौकोनी करायचं – इथपासून सुरुवात होती. वरचं टोक तिरकं आणून कडेला जुळवायचं, खाली उरलेली पट्टी दुमडून फाडायची. त्याचा चौकोन झाला. तिचाही झाला, फक्त त्याला चौकोन म्हणायला थोडं मोठं मन लागलं असतं.

"मॅडम, सुई तर तुमी अशी नेमकी टोचता. अन् कागद..."

"सुईले एकच टोक असते. इथी चार आहेत."

"अन् ते एक टोकही दुसऱ्याले लागते," तो म्हणाला. "म्हून सोपं जात असन."

तिनं वर पाहिलं. तो कागदाकडेच बघत होता, पण गालात हसू होतं.

"टोकाले टोक डोळ्यानं नका जुळवू. बोटानं जुळवा. बोटाले समजते. हं... आता दाबून धरा. अन् नख लावा."

तिनं हात पुढे करून दाखवला. नखं मुळापासून कापलेली. "लॅबमध्ये वाढवता येत नाई."

"मंग अंगठ्याचं हाड लावा. असं." त्यानं स्वतःच्या कागदावर करून दाखवलं. तिचा हात धरून दाखवता आलं असतं. त्यानं धरला नाही. दिव्यानीनं ते टिपलं, रजिस्टरमध्ये नोंद करावी तसं.

"ही झाली दरीघडी. मधात खोल जाते. आता कागद पालटा."

तिनं पालटला.

"ही डोंगरघडी."

"पण घडी तर तीच आहे."

"तीच आहे. तुमी कोन्या बाजूनं पाह्यता त्याच्यावर आहे."

मास्तर लोकांना असली वाक्यं बोलायची खोड असते, असं तिच्या मनात आलं. पण तिनं पुढची घडी घातली.

बेडकाला फार घड्या होत्या. त्या दिवशी पेल्यावरच भागवावं लागलं. तिरका त्रिकोण, डावं टोक उजव्या कडेला, उजवं डावीकडे, वरची दोन टोकं दोन बाजूंना, आणि मधून फुंकर. तिचा पेला एका अंगाला झुकला होता. रोशननं तो उचलला, आपल्या बाटलीतलं पाणी त्यात ओतलं. बुडातून थेंब-थेंब गळायला लागलं.

"गळते," ती म्हणाली.

"थोडंसं. पण पेता येते." आणि तो प्यायला.

पाऊस उघडला. बिरजूनं हॉर्न दिला.

"बेडूक राह्यला," ती उठताना म्हणाली.

"रिपोर्ट घ्याले यावंच लागते मले चामोर्शीले. बाजाराच्या दिवशी येतो."

तिनं मान हलवली. जीप नाल्यातून जाताना तिच्या मांडीवर तो ओला पेला होता. फेकायला बाहेर हात काढला होता, पण रपटा संपला आणि हात आत आला.

*

बाजाराच्या दिवशी रोशन आला, रिपोर्ट घेतले, आणि दवाखान्याच्या आवारातल्या कडुनिंबाखाली सिमेंटच्या बाकावर तिला बेडूक शिकवला. पुढच्या बाजाराला आला तेव्हा मासा. त्याच्या पुढच्या बाजाराला कुत्र्याचं तोंड – ते खरं म्हणजे सगळ्यात सोपं, पण तिनं कान उलटे दुमडले आणि त्याचं डुक्कर झालं.

"याले कुत्रा म्हणाचं का?" तिनं विचारलं.

"तुमी म्हणान तर मी म्हणीन."

तो शाळेच्या भाजीसाठी बाजारात यायचा. दोन वाजता ओपीडी संपायची. साडेतीनची बस असायची. मधला वेळ कागदाचा. ती तपासणीच्या किटमधून निघणारी माहितीपत्रकं जपून ठेवायला लागली. पातळ कागद, घडी छान धरायचा. अठरा भाषांत छापलेल्या सूचना दुमडून त्यांची पाखरं होत होती.

दवाखान्यातल्या नीलाबाई झाडझूड करायच्या, पट्ट्या द्यायच्या, आणि सगळ्यांवर नजर ठेवायच्या. एकदा बादली खाली ठेवत त्या म्हणाल्या, "काय जी बाई, रिपोर्ट तर त्यायनं पयल्याच हप्त्यात नेले न? मंग आता काय नेऊन राह्यले?"

"कागद," दिव्यानी म्हणाली.

"हो का? मले वाटलं, आणून राह्यले."

दिव्यानीनं नवा कागद पुढ्यात ओढला. मात्र त्या दिवशी घडी चुकली, आणि कागद दोनदा उघडावा लागला.

तिला एक गोष्ट माहीत झाली होती, आणि ती तिनं कुणालाच सांगितली नव्हती. दुसऱ्याच भेटीत माहीत झाली. रोशनच्या हातातली पाण्याची बाटली कधी सुटत नसे. बोलता-बोलता तो घोट-घोट पीत राही. ऑक्टोबरचं ऊन असताना तो सावलीतून सरकून उन्हात बसे. डोळ्यांचा पांढरा भाग उजेडात किंचित पिवळा दिसे. बसस्टँडपासून दवाखान्यापर्यंतचा चढ लहान, पण तो मध्ये एकदा थांबून उगाच आजूबाजूला बघे. हे सगळं दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. तिचं आयुष्य हेच बघण्यात गेलं होतं.

तिची मोठी बहीण मंगली अशीच उन्हात बसायची. घुग्घुसला, खाणकामगारांच्या चाळीच्या ओट्यावर, दुधाच्या पिशवीत गरम पाणी भरून गुडघ्याला धरून. सतराव्या वर्षी सिकलसेलनं गेली. दिव्यानी तेव्हा चौदाची होती. पुढे तिनं लॅबचा कोर्स केला, का केला ते कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलंही नाही. कॉलेजात सगळ्या पोरींनी एकमेकींचं रक्त तपासलं. तिनं त्या दिवशी ताप असल्याचं सांगितलं. नोकरी लागून पाच वर्षं झाली. लग्न जुळलेल्या कित्येक पोरापोरींना तिनं समोर बसवून सांगितलं होतं – आधी तपासा, मग जुळवा. स्वतःचं बोट मात्र तिनं कधी टोचलं नव्हतं. लग्नच करायचं नाही, तर तपासायचं कशाला... असं ती स्वतःला सांगायची, आणि ते सोयीचं होतं.

रोशनला तिनं काही विचारलं नाही. ज्याचं दुखणं त्यानं सांगावं. नाही सांगितलं तर तोही त्याचा हक्क.

डिसेंबरात तिनं बगळा शिकायला घेतला. बगळा म्हणजे नवशिक्याची दहावीची परीक्षा. त्याच्या मानेपाशी उलटी घडी लागते: बाहेरचा कागद थोडा उघडायचा, आतल्या आत मागे वळवायचा, आणि पुन्हा मिटायचा. तिचा कागद तिथेच फाटायचा. एकदा, दोनदा, पाचदा.

"जोर करता तुमी," रोशन म्हणाला. "जरा उघडा त्याले आधी. न उघडता कसा वळन तो?"

"उघडला की बाकीच्या घड्या सुटतात."

"सुटू द्या. त्यायले आपली जागा मालूम असते. येतात परत."

आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यानं तिच्या बोटांवर बोटं ठेवली. हळूच, जसं एखाद्याची नाडी बघावी. त्याचे हात गार होते. डोक्यावरून कडुनिंबाची दोन-चार पानं पडली. मान वळली, कागद फाटला नाही.

त्यानं हात काढून घेतला. ती बगळ्याकडे बघत राहिली.

"झालं," तो म्हणाला.

"हो... झालं."

"आता काय शिकाचं?"

"तुमाले येते तेवढं सगळं," ती म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की यात कामाचं काहीच नव्हतं.

साडेतीनची बस त्या दिवशी चुकली. पाचची मिळाली.

*

जानेवारीत थंडीची लाट आली. एका बाजाराला रोशन आला नाही. दुसऱ्या बाजारालाही आला नाही. भाजी न्यायला शाळेचा शिपाई लटारूभाऊ आला होता. नीलाबाईंनी त्याला गाठून विचारलं आणि लॅबच्या दाराशी येऊन, कुणाला उद्देशून नाही असं, सांगितलं, "नैताम सर गडचिरोलीले भरती आहेत म्हणते. हातपाय दुखून राह्यले म्हणते."

दिव्यानीनं हातातली काचपट्टी खाली ठेवली. "बरं," म्हणाली.

रविवारी दुपारी ती गडचिरोलीच्या दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डात उभी होती. खिडकीजवळच्या खाटेवर तो होता. उजव्या हाताला सलाईन, अंगावर दोन चादरी. चेहरा उतरला होता. पोटावर औषधाच्या खोक्याचा कागद ठेवून डाव्या हातानं तो काहीतरी दुमडत होता आणि ते जमत नव्हतं.

तिनं स्टूल ओढलं. कागदाचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून घडी पूर्ण केली.

"मी सांगनारच होतो," तो म्हणाला.

"मले मालूम होतं."

"कवापासून?"

"दुसऱ्या भेटीपासून."

त्यानं डोळे मिटले, थोडं हसला. "अन् तरी मासे, बगळे शिकत राह्यल्या."

"शिकाचे होते."

बाजूच्या खाटेवरचा म्हातारा कुशीवर वळून ऐकत होता. रोशननं आवाज खाली आणला. हे कागदाचं काम तो वॉर्डातच शिकला होता – नवव्या वर्षी, नागपूरच्या दवाखान्यात, एका नर्सबाईकडून. पोरांना धावायला मनाई असते. हातांना कोणी मनाई करत नाही. आता गोळ्या सुरू होत्या, वर्षात एखाद वेळी असं दुखणं उठायचं. "हाडात कोनी लोखंडी सब्बल घातल्यावानी होते," तो म्हणाला. "दोन-चार दिवस. मंग मी आपला गणिताचा सर."

"सर आहा न," दिव्यानी म्हणाली. "मंग एक गणित सोडवा. रविवारी मी दुपारभर झोपते. आज दोन बस बदलून इथी आली. काय उत्तर येते?"

त्यानं छताकडे पाहिलं. सलाईनचा थेंब पडत होता... पडत होता.

"उत्तर तर आलं," तो म्हणाला. "माहंही तेच आहे. सप्टेंबरपासून. पण पडताळा पायजे."

"कशाचा?"

"तुमचं रक्त. तपासलं आहे?"

तिनं सलाईनची नळी सरळ केली.

"साफ असन, तर लेकरं वाहक होतीन, बिमार नाई. पण तुमी वाहक असान तर –"

"निम्मी बिमार. मले सांगून राह्यले?"

"नाई. मले सांगून राह्यलो." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तसं निघालं तर मी नाई म्हणीन, दिव्यानीबाई. आताच सांगून ठेवतो. हे कोन्याही लेकराले देणार नाई मी."

'मॅडम' जाऊन 'दिव्यानीबाई' आलं होतं. एरवी तिला ते आवडलं असतं. ती उठली. पायथ्याशी घसरलेली चादर त्याच्या पावलांवर ओढली आणि बसच्या वेळेला निघून गेली.

*

सोमवारी ओपीडी संपल्यावर तिनं लॅबचं दार लोटून घेतलं, डाव्या हाताचं मधलं बोट पुसलं आणि टोचलं. हजारो लोकांना टोचताना कधी जाणवलं नव्हतं: लागतं.

थेंब नळीतल्या द्रावणात सोडला. नळीमागे रेघा मारलेला कागद धरायचा असतो. पाणी नितळ राहिलं तर रेघा दिसतात, म्हणजे रक्त साफ. गढूळ झालं तर दिसत नाहीत. तिनं घड्याळ लावलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. बाहेर नीलाबाई बादली ओढत होत्या. पाच मिनिटं झाली. तिनं नळी उचलून कागदासमोर धरली.

रेघा नव्हत्या.

ती रडली नाही. नळी स्टँडमध्ये ठेवली, हात धुतले, रिपोर्टचा कोरा फॉर्म पुढ्यात ओढला. आणि मग तिला ते सुचलं, अगदी साधेपणानं, जसं छत्री घ्यायचं सुचावं. फॉर्म तिनंच भरायचा होता. सही तिचीच होती. 'निगेटिव्ह' हा शब्द ती दिवसातून वीस वेळा लिहायची. एकविसाव्यांदा लिहिला तर अक्षरही बदललं नसतं. पुन्हा तपासणारं कोणी नव्हतं. गडचिरोलीच्या त्या खिडकीशी एक माणूस तो कागद वाचून हसला असता.

पेन उघडं धरून ती बसली. किती वेळ, ते तिला सांगता आलं नसतं. नीलाबाईंनी दार ढकलून डोकं आत घातलं, तिचा चेहरा पाहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न विचारता दार परत लावलं.

तिनं 'पॉझिटिव्ह' लिहिलं. पक्क्या तपासणीसाठी पुन्हा रक्त काढून जिल्ह्याला पाठवलं. आठवड्यानं उत्तर आलं – वाहक. तिला स्वतःला त्यानं काही होणार नव्हतं. तिला कधीच काही होणार नव्हतं.

*

दवाखान्यातून सुटल्यावर रोशन मार्कंड्याला बहिणीकडे राहिला होता. महाशिवरात्र आठ-दहा दिवसांवर आली होती आणि यात्रेची तयारी चालू होती. नदीकाठी बांबू रोवले जात होते, आकाशपाळण्याचे लोखंडी तुकडे वाळूत पडले होते. बहीण कमळाबाई हिनं दिव्यानीला पाणी दिलं, आपादमस्तक पाहिलं, आणि "नदीवर बसला आहे तो, उन्हात," एवढंच सांगितलं.

तो पायऱ्यांवर होता. वैनगंगा हिवाळ्यात आटून दूर गेली होती. दिव्यानी एक पायरी सोडून बसली आणि पाकीट त्याच्या हातात दिलं.

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं.

"सही तुमचीच आहे."

"पहिल्या कागदावर माही. दुसरा गडचिरोलीचा आहे."

"दुसरा कोनी मांगितला होता? पहिल्याच कागदावर खोटं लिहिता आलं असतं."

"आलं असतं."

"कोनाले कळलं असतं?"

"लेकराले," दिव्यानी म्हणाली. "सहा महिन्याचं झाल्यावर. बोटं सुजली असती त्याची. अन् रक्त तपासाले माह्याच टेबलावर आणलं असतं."

पाण्याच्या कडेला खरोखरचे बगळे उभे होते. दोघं तिकडे बघत बसले.

"मी नाई म्हणीन म्हटलं होतं," तो म्हणाला.

"म्हूनच आली. म्हणा. चारची बस आहे मले."

त्यानं पायरीवरचा एक खडा उचलला, इकडून तिकडे केला, ठेवला.

"म्हणा न, सर."

"निंघून नाई राह्यलं तोंडातून."

"मंग माहं ऐका." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, लॅबमध्ये समोर बसवून सांगतानाचा, फक्त मध्येच अडखळत होता. "मी आमच्या डॉक्टरीणबाईले विचारून आली. पोटातलं लेकरू तिसऱ्या महिन्यात तपासता येते. नागपूरले होते. कठीण असते ते, सोपं नाई... कठीण वाटलं तर लेकरूच नको. लोक लेकरू दत्तक घेतात, लोक बिनालेकराचेही राह्यतात. यातलं काय कराचं ते दोघांनी मिळून ठरवाचं असते. तुमी खाटेवर पडल्या-पडल्या एकट्यानंच ठरवून टाकलं. मी तिथी स्टुलावर बसली होती न? मले कोनी विचारलं?"

"नाई विचारलं," तो हळूच म्हणाला.

"नाई विचारलं."

"अन् माहं काय? मी किती दिवस..."

"ते मले कुठी मालूम आहे? माहा बाप रोज खाणीत जाते, त्याचंही मालूम नाई. अशानं कोनी कोनाशी बोलूच नये."

तो हसला. मनापासून, आवाज करून. पहिल्यांदाच तिनं त्याला असं हसताना पाहिलं. हसता-हसता त्यानं डोळे पुसले आणि मग गंभीर झाला. बाटलीतलं पाणी प्यायला. सरळ बसला.

"दिव्यानी," तो म्हणाला. "तुमचे देव किती?"

गोंडांमध्ये हा प्रश्न उगाच कोणी विचारत नाही. प्रत्येक कुळाचे देव मोजलेले असतात. कुणाचे चार, कुणाचे पाच, सहा, सात. ज्यांचे देव सारखे ते भाऊबहीण, त्यांच्यात सोयरीक होत नाही. वेगळे असले तर होते. म्हणून हा प्रश्न घरातली वडीलधारी माणसं विचारतात, पोरगी बघायला आल्यावर, पाण्याचा पेला हातात घेऊन. आणि मडावींचे देव किती हे नैतामांच्या पोराला जन्मल्यापासून ठाऊक असतं.

दिव्यानीच्या कानशिलांपर्यंत ऊब चढली. तिनं नदीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"तुमाले मालूम नाई?"

"मालूम आहे. तुमच्या तोंडून पायजे."

"सात," ती म्हणाली.

"माहे चार."

तेवढंच. त्यानं हात पुढे केला नाही. तिनंच एक पायरी उतरून त्याच्या शेजारी जागा केली. त्याचा गार हात उन्हात होता, तिनं तो दोन्ही हातांत घेतला.

वर घराच्या दारातून कमळाबाईनं हाक मारली. आधण ठेवलं होतं. पाहुणी जेवणार की चारच्या बसनं जाणार, तांदूळ किती टाकायचे ते कळत नव्हतं.

रोशननं तिच्याकडे पाहिलं आणि उत्तर तिच्यावर सोडलं.

"टाका, वहिनी," दिव्यानीनं वर तोंड करून सांगितलं, आणि लगेच तिला नातं चुकल्याचं कळलं. नवऱ्याच्या बहिणीला वहिनी म्हणत नाहीत, बाई म्हणतात. "...टाका, बाई. माहेही टाका."